उसवून शिकलेले मास्तर

आमच्या सासऱ्यांना मी अजून 'मास्तर'च म्हणते. लग्नाला बारा वर्षं झाली, दोन मुलं झाली, पण जिभेला लागलेलं वळण काही सुटलं नाही. सासूबाईंनी सुरुवातीला दोन-तीनदा टोकलं, "अगं, सासरे आहेत तुझे. बाबा म्हणावं." मी एकदा म्हणूनही पाहिलं. मास्तरांनी मशीनवरून मान वर केली आणि माझ्या मागे बघितलं, मुलगा आलाय की काय म्हणून. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. बाजारामागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून त्यांचं एका दाराचं दुकान होतं. आत पायानं चालवायचं मशीन, कापड बेतायची लांब फळी, खिळ्यांना टांगलेले कागदी नमुने, आणि दाराशी उजेडात स्टुलावर बसून काजं करणाऱ्या सासूबाई. गिरणी चालू असली की दुकानातल्या काळ्या कापडावर पिठाची साय धरायची. मास्तर दिवसातून दहा वेळा ब्रश मारायचे आणि दहा वेळा गिरणीवाल्याच्या नावानं काहीतरी पुटपुटायचे. संध्याकाळी मात्र दोघं एकाच बाकावर बसून चहा प्यायचे.

कामाला ते हळू. एक पँट म्हटली की दोन दिवस. पण त्यांनी शिवलेली कॉलर कितीही धुतली तरी मान टाकत नसे. गल्लीतल्या बहुतेकांची मापं त्यांना तोंडपाठ होती. घराघरातलं बरंवाईटही त्यांना शिलाईवरून कळायचं. मुलाची पँट टाकताना आई सांगायची, "मास्तर, खाली चार बोटं कापड जास्त ठेवा." चार बोटं म्हणजे दोन वर्षांची बेगमी. कुणी सहा बोटं म्हटलं की मास्तर ओळखायचे, या घरात यंदा ओढाताण आहे. माझी आई नेहमी सहा बोटं सांगायची. आम्ही पाच बहिणी, आणि वडील गेलेले.

मी चौदा वर्षांची असताना नदीला पूर आला. दुपारी चारच्या सुमाराला पाणी बाजारात शिरलं आणि दिवेलागणीपर्यंत पूल गेला. मास्तरांनी मशीनचं डोकं पान्यानं सोडवलं, खांद्यावर घेतलं आणि शाळेच्या माडीवर आणून ठेवलं. सासूबाईंच्या एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात कात्री. "घरातली भांडी कुठायत?" असं कुणीतरी विचारलं तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघितलं. भांडी दोघांच्याही लक्षात आली नव्हती.

त्यानंतर मदत आली. खोटं कशाला बोलू, त्या मदतीनंच आम्ही तगलो. तंबू आले, तांदूळ आला, पाण्यात टाकायच्या गोळ्या आल्या. माझ्या धाकट्या बहिणीला इतका ताप चढला होता की आईनं आशा सोडली होती, तिला तंबूतल्या डॉक्टरांनी वाचवलं. त्या माणसांना मी आजही विसरलेले नाही.

मग कपड्यांचे गठ्ठे आले. दूरच्या लोकांनी वापरून झालेले कपडे चांगल्या मनानं पाठवले होते, पण ते आमच्यासाठी शिवलेले नव्हते, हे तर उघडच होतं. गुडघ्यापर्यंत लोंबणारे लोकरीचे कोट निघाले. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे जरा दार लोटून घ्यायचं, एवढीच. एका गठ्ठ्यात नुसते टायच निघाले, लोकांनी त्यांनी शेळ्या बांधल्या. आम्ही बहिणी दुमडलेल्या बाह्यांचे कोट घालून पाणी भरायला जायचो तेव्हा लांबून पाच कोटच चालत येताहेत असं दिसायचं.

पूर ओसरला, वर्ष गेलं, दुसरं गेलं, तरी गठ्ठे येतच राहिले. सुरुवातीला ते फुकट वाटले जायचे. पुढे एका व्यापाऱ्यानं ते बाजारात ढीग घालून विकायला सुरुवात केली, अगदी मातीमोलानं. मदत कुठं संपली आणि धंदा कुठं सुरू झाला, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मास्तरांच्या मात्र आलं, कारण त्यांच्या दुकानाची पायरी चढायला कुणी उरलं नाही. कापड आणा, शिलाई द्या, दोन दिवस थांबा, हे सगळं करण्यापेक्षा ढिगातून ओढलेली पँट कुणालाही परवडणारच.

मास्तर रोज दुकान उघडायचे, मशीनला तेल द्यायचे आणि बसून राहायचे. त्यांच्या मुलाला, म्हणजे आता माझ्या नवऱ्याला, तेव्हा अठरावं लागलं होतं. तो एक दिवस म्हणाला, "बाबा, इथं दोघांनी बसून काय करायचं? मी शहरात जातो." त्याच्या पिशवीचा बंद निसटत होता तेवढा मास्तरांनी पक्का शिवून दिला. तो होडीनं नदी ओलांडून गेला आणि एका गोदामात हमालीला लागला.

लोक जुने कपडे कमी करून घ्यायला यायचे, पण मास्तर ठाम. "दुसऱ्यानं शिवलेल्या कपड्यावर मी कात्री चालवत नाही." हा हट्ट त्यांनी पाच महिने धरला. एके दिवशी गिरणीवाल्याची बायको लोकरीचा एक कोट घेऊन आली आणि मास्तरांकडे न बघता सासूबाईंना म्हणाली, "वहिनी, याचं पोरांसाठी काही होतंय का बघा ना." मास्तरांनी तोंड फिरवलं. सासूबाईंनी कोट मांडीवर घेतला आणि काखेच्या शिवणीत सरळ कात्री घातली.

"अगं, काय करतेस? कापड फाटेल."

"फाटू दे. निदान कात्री तरी चालेल या दुकानात."

"तशी नाही उसवत ती. दे इकडे."

सासूबाईंनी लगेच दिला. पुढं त्या मला म्हणाल्या, "मला काय उसवता येत नव्हतं होय गं? पण ह्यांना बघवणार नाही, हे मला माहीत होतं."

मास्तर तो कोट टाका टाका करून उसवायला बसले, आणि बसले ते दुपारच्या जेवणालाही उठले नाहीत. आजवर त्यांनी हजारो कपडे शिवले होते, पण कारखान्यात शिवलेला कपडा कधी आतून पाहिला नव्हता. अस्तर सुटलं आणि आतली सगळी रचना उघडी पडली. खांद्याला आधार कुठं दिलाय, खिशाच्या कोपऱ्यावर टाके दाट का घातलेत, कॉलरच्या पोटात काय चिकटवलंय. मग त्यांनी ढिगातून शर्ट आणले, जाड कापडाच्या पँटी आणल्या. एकेक उसवायचा, तुकडे फळीवर मांडायचे, मोजायचे, कागदावर काढून ठेवायचे आणि पुन्हा जोडायचे. सासूबाई म्हणायच्या, "मेलेल्या माणसाची डॉक्टर चिरफाड करतात, तसं चाललंय तुमचं." मास्तर म्हणायचे, "हा शर्ट एका माणसानं शिवलेला नाही. बघ, इथला टाका घट्ट, इथला सैल. बाही लावणारा वेगळा, कफ लावणारा वेगळा. पंचवीस-तीस जणांचा हात फिरलाय याच्यावरून."

"मग एवढ्या जणांचं पोट भरलं म्हणायचं," सासूबाई म्हणाल्या आणि काजं करायला लागल्या. हे मास्तरांच्या डोक्यात आलं नव्हतं.

एका कोटाची दोन पोरांची जाकिटं व्हायला लागली, मोठ्या पँटीची दोन दप्तरं. दुकान पुन्हा हलायला लागलं, पण रांगत्या मुलासारखं, दोन पावलं गेलं की बसायचं.

त्याच सुमाराला मदत करणाऱ्या संस्थेनं शाळेत सभा बोलावली. संस्थेच्या बाई उंच, सावकाश बोलणाऱ्या, हातात जाड वही. गावाला पुढं काय हवं ते सांगा, म्हणाल्या. कुणी पत्रे सांगितले, कुणी शेळ्या, कुणी औषधं. मास्तर मागच्या बाकावरून उठले आणि म्हणाले, "कपडे थांबवा."

मग एक बाई ताडकन उठली. "मास्तर, तुमचं दुकान चालावं म्हणून माझ्या पोरींनी उघडं फिरायचं का?"

ती बाई म्हणजे माझी आई. मी शेजारीच बसले होते, कोट घालून. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मास्तर खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे. आईला वाटलं भांडायला आले. ती कमरेला हात लावून तयारच होती.

"तू काल बोललीस ते बरोबर होतं," मास्तर म्हणाले. "मला उत्तर सुचलं नाही."

आईचा जोर एकदम ओसरला. "बसा," ती म्हणाली.

"एक विचारायचं होतं. तुझ्या हातात चार पैसे असते तर तू ढिगातलेच कपडे घेतले असतेस?"

"कशाला घेईन? मला काय हौस आहे लोकांच्या बाह्या दुमडायची?"

"मग तुला काय हवं?"

"काम हवं. रोजचं. आज आहे, उद्या देव जाणे, असलं नको."

मास्तर चहासुद्धा न घेता उठले आणि तसेच संस्थेच्या बाईंच्या तंबूत गेले. तिथं काय बोलणं झालं, ते बाईंनीच आम्हाला पुढं सांगितलं. मास्तर म्हणाले, "गावाला काम हवंय." बाई म्हणाल्या, "काम मला देता येत नाही हो. मी पोती देऊ शकते, पत्रे देऊ शकते. काम कुणी बाहेरून आणून वाटत नाही." मास्तर म्हणाले, "मग कामाच्या वाटेत जे आडवं पडलंय, ते तरी काढा."

"काय पडलंय आडवं?"

"पूल पडलाय."

बाईंनी वही उघडली. पूल, वीज, आणि एखादी शेड, जिथं पोरीबाळींना हातात कला देता येईल, असं तिघांचं मिळून एक लांबलचक मागणीपत्र तयार झालं. तिसरी माझी आई. तिला लिहिता येत नव्हतं, पण काय खोडायचं ते तिला बरोबर कळायचं.

लगेच काही झालं नाही. तीन वर्षं गेली. संस्थेनं आपले गठ्ठे थांबवले, व्यापाऱ्याचे चालूच राहिले. पुलाचे कागद या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिले. थोडा पैसा परक्या देशांनी दिला, थोडा सरकारनं घातला, आणि मधे एकदा अर्धा खांब उभा राहून काम आठ महिने बंद पडलं. लोक म्हणायचे, मास्तरांचा खांब उभा आहे बघा. मास्तर ऐकून घ्यायचे. पण नव्या पुलावरून पहिला ट्रक आला त्या दिवशी अख्खं गाव काठावर उभं होतं, आणि मास्तर मात्र दुकानात. कुणीतरी बोलवायला गेलं तर म्हणाले, "आवाज येतोय की इथपर्यंत."

वीज आणि शेड त्याआधीच आली होती, शेड जुन्या धान्याच्या कोठारात. विजेवर चालणारी वीस मशीनं आणि शिकवायला मास्तर. आईनं मला सांगितलं, "जा, बघ काय शिकवतात. नाहीतरी घरात बसून माझं डोकं खातेस." मी एकोणीस वर्षांची होते. पहिल्या दिवशी आम्ही वीसजणी नव्या मशीनवर डोळे लावून बसलो, आणि मास्तरांनी प्रत्येकीच्या पुढ्यात एक जुना शर्ट आणि एक ब्लेड ठेवलं.

"उसवा."

तीन आठवडे आम्ही नुसतं उसवलं. मी सतरा शर्ट उसवले. एक मुलगी चिडून म्हणाली, "आम्ही शिवायला शिकायला आलोय, उसवायला नाही," आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. मला जाता येत नव्हतं, घरी आई होती. चौथ्या आठवड्यात मशीनला हात लावला आणि पहिल्याच तासाला सुई माझ्या बोटातून आरपार गेली. मास्तरांनी चाक उलटं फिरवून सुई काढली, बोट धुतलं, पट्टी बांधली आणि म्हणाले, "टाका सरळ आहे." मला रडावं की हसावं कळेना.

पहिली ऑर्डर जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या नर्सांच्या गणवेशांची आली. मी साठ खिसे बसवले, सगळे चार बोटं खाली. नर्सबाईंना खिशात हात घालायला वाकावं लागलं असतं. मास्तर ओरडले असते तर परवडलं असतं. ते नुसते माझ्यासमोर स्टूल ओढून बसले आणि आम्ही दोघांनी साठच्या साठ खिसे उसवले. "बघ," ते म्हणाले, "ते तीन आठवडे वाया नाही गेले."

पूल झाल्यावर वर्षभरानं एक मोटार आली. त्यातून शर्टांच्या कारखान्याचे दोन साहेब उतरले. रस्ता पाहून झाला, वीज पाहून झाली, आता हातांची परीक्षा. थोरल्या साहेबांनी बॅगेतून एक शर्ट काढून मास्तरांपुढे टाकला. "असा करता येईल?"

मास्तरांनी शर्ट उलटा केला. पुढून त्यांनी तो पाहिलाच नाही. शिवणींवरून अंगठा फिरवत गेले, जसं कुणी आंधळा माणूस ओळखीच्या चेहऱ्यावरून फिरवतो. "सव्वीस जणांचं काम आहे. कफाला मशीन वेगळं लागेल, ते आमच्याकडे नाही. बाकीचं येतं आम्हाला. हा डावा खांदा मात्र घाईत लावलाय. आणि कॉलर लावणारा डावखुरा असावा, असा माझा अंदाज."

"ते काही मला माहीत नाही," साहेब म्हणाले. त्यांनी डावा खांदा स्वतः उजेडात धरून पाहिला आणि मग शर्ट घडी न घालताच बॅगेत कोंबला. नमुना समोर नसतानाही दोन दिवसांत आम्ही तसाच एक करून दिला, कफ मास्तरांनी हातानं घातले.

वर्षाच्या आत नदीपलीकडच्या माळावर कारखाना उभा राहिला. आम्हा एकोणीस जणींना पहिल्याच दिवशी घेतलं, पुढं तीनशे झाल्या. मास्तरांना नमुने तयार करायच्या आणि तपासायच्या खोलीत बोलावलं, तर ते अडून बसले. "अख्खा शर्ट शिवणारा माणूस मी. तिथं जाऊन तुकडे शिवू?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. "अख्खा शर्ट शिवून अर्ध्या पोटी बसलो तेवढं पुरे झालं," त्या म्हणाल्या. मास्तर सोमवारी कामावर गेले.

सगळं गोडच होतं असं नाही. पहिल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली अशी भट्टी पेटायची की दोन मुली मशीनवरच चक्कर येऊन पडल्या. आम्ही पंखे मागितले. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी एकही नमुना पास केला नाही. प्रत्येक शर्टाला एकच खोट काढायची आणि चिठ्ठी लावायची : घामाचा डाग. तीन दिवसांत साहेब स्वतः खाली आले आणि दुपारी दोन वाजता आमच्या रांगेत अर्धा तास उभे राहिले. चौथ्या दिवशी पंखे लागायला सुरुवात झाली. मास्तरांना विचारलं तर म्हणायचे, "डाग होते म्हणून लिहिलं."

माझा आणि पाठच्या बहिणीचा पगार घरात यायला लागला तसं घर बदललं, पण हळूहळू, केस वाढतात तसं. एका महिन्यात दाराला कडी आली. एका महिन्यात पाण्याचं पिंप आलं. तिसऱ्या बहिणीला शाळेतून काढायचं ठरलं होतं, ती शाळेतच राहिली. आईचा आवाज चढेनासा झाला, हे आमच्या बरंच उशिरा लक्षात आलं.

मग एका रविवारी आई नव्या कापडाचा तुकडा घेऊन मास्तरांच्या दुकानात गेली. दुकान आता रविवारीच उघडायचं. निळं, बारीक फुलांचं कापड, धाकटीच्या फ्रॉकसाठी. मास्तरांनी माप घेतलं आणि नेहमीसारखं विचारलं, "खाली सहा बोटं ठेवू ना?"

"नको," आई म्हणाली. "मापात शिवा. पुढच्या वर्षी दुसरा शिवू."

मास्तरांनी खडू खाली ठेवला, चष्मा काढून पुसला आणि परत घातला. पुसलेल्या चष्म्यात काय फरक पडला हे तेच जाणोत. सासूबाई सांगतात, त्या फ्रॉकला त्यांनी चार दिवस घेतले.

कारखान्यात मशीनं वाढली तशी ती दुरुस्त करणारी माणसं लागायला लागली. मास्तरांनी मुलाला निरोप धाडला. तो सात वर्षांनी आला, पुलावरून, बसनं. शहरात तो हमालीवरून मोटारी दुरुस्त करण्यापर्यंत पोचला होता. पहिल्याच आठवड्यात माझं मशीन बंद पडलं आणि तो ते बघायला आला. नंतर ते फारच वारंवार बंद पडायला लागलं. ते कोण बंद पाडत होतं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. माझी आई आणि मास्तर व्याही झाले तेव्हा आई म्हणाली, "सभेत तुम्हाला बोलले होते, ते मनात नाही ना ठेवलं?" मास्तर म्हणाले, "ठेवलंय की. म्हणून तर इथपर्यंत आलो."

चारेक वर्षांपूर्वी परदेशातल्या ऑर्डरी घटल्या आणि कारखान्याच्या दोन रांगा पाच महिने बंद होत्या. मला वाटलं, जुने दिवस परत येतात की काय. पण तोवर गावात बरंच काही उभं राहिलं होतं. तिघीजणींनी मिळून शाळांच्या दप्तरांचं काम काढलं होतं, त्यांनी दहाजणींना सामावून घेतलं. कुणी खानावळीत लागली, कुणी पलीकडच्या बियाण्यांच्या गोदामात. ओढाताण झाली, पण कुणाला गाव सोडावं लागलं नाही. बाजारातला जुन्या कपड्यांचा व्यापारी आता नवे कपडे विकतो, त्यातले निम्मे आमच्याच हातचे, ज्यात थोडीशी खोट राहिलेली असते असे.

संस्थेनंही गाशा गुंडाळला. बाई निरोप घ्यायला आल्या तेव्हा मास्तरांना म्हणाल्या, "आता आमची इथं गरज उरली नाही, हे चांगलंच झालं."

"चांगलंच," मास्तर म्हणाले. "पण येत जा. काम नसतानाही माणसं एकमेकांकडे येतात."

बाई दर वर्षी येतात. पाहुण्यासारख्या राहतात, सासूबाईंच्या हातचं खातात आणि जाताना मास्तरांकडून एक शर्ट शिवून नेतात.

गेल्या साली मास्तर निवृत्त झाले. कारखान्यानं सत्कार केला, घड्याळ दिलं, आणि आम्ही मुलांनी दोघांना समुद्र बघायला पाठवलं. दोघांनी तो कधी पाहिला नव्हता. बसनं दीड दिवसाचा प्रवास. सासूबाईंनी आठवडाभर आधीपासून बांधाबांध केली आणि मास्तरांनी आठवडाभर "कशाला उगीच" चालवलं.

परत आल्यावर मी विचारलं, "कसा होता समुद्र?"

मास्तर म्हणाले, "मोठा आहे."

बाकीचं सासूबाईंनी सांगितलं. त्या चपला हातात घेऊन पाण्यात गेल्या, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. एका लाटेनं त्यांना चिंब केलं तेव्हा त्या एवढ्या हसल्या की किनाऱ्यावरची माणसं बघायला लागली. मास्तर वाळूवर रुमाल अंथरून बसले होते, हात मांडीवर, दोन तास. एरवी येणाऱ्याजाणाऱ्याची शिलाई बघतात, पण तिथं कुणाचे कपडेही न्याहाळले नाहीत. सासूबाईंना वाटलं, ह्यांना करमत नाही की बरं नाही? त्या जवळ जाऊन बसल्या आणि विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "भूक लागली."

मग दोघं उठून जेवायला गेली.